पणजीचं माहेर इंग्लंडमध्ये शोधताना: आधी दाखला की जनगणना?

इंग्लंडमधल्या साध्या घरातल्या बाईचा माग काढताना सगळं अडतं ते माहेरच्या आडनावापाशी. माझ्या नवऱ्याची पणजी तिथली. हाताशी होतं ते फक्त तिचं नाव, सासरचं आडनाव आणि एका मुलाचं जन्मसाल. अशा वेळी पैसे आधी कशावर घालायचे?

माझं मत स्पष्ट आहे: बाई 1837 नंतर जन्मलेली असेल, तर मुलाच्या जन्मनोंदीपासून सुरुवात करा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली आणि जन्माच्या दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. त्यासाठी लगेच दाखला विकत घ्यायचीही गरज नाही. जन्मनोंदींच्या जुन्या सूचीत हे आडनाव 1911 पासूनच दिसायचं, पण जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्म-मृत्यू-लग्नांची नोंद ठेवणारं केंद्रीय सरकारी कार्यालय) ऑनलाइन सूचीत ते 1837 पासूनचं आहे आणि शोध फुकट आहे. सासर-माहेरच्या आडनावांची जोडी टाकली की बाकीची भावंडंही सापडतात. तो रकाना कोरा दिसला, तर आई बहुधा अविवाहित होती.

मग लग्नाचा दाखला. त्यात वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो. आईचं नाव मात्र नाही! आयांसाठी जागा झाली ती थेट 4 मे 2021 ला. मला याचा आजही राग येतो. शक्य असेल तर दाखल्याऐवजी चर्चच्या मूळ नोंदवहीची प्रतिमा बघा. केंद्रीय कार्यालयाकडचा दाखला नकलेवरून बनतो, मूळ वहीत तिची स्वतःची सही असते. या पणजीच्या नावाशी सही नव्हती, एक वाकडी फुली होती, शेवटी शाई फुटलेली. मी ती बराच वेळ बघत बसले.

जनगणनेत माहेरचं आडनाव विचारलेलंच नाही. पण 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव लिहिलंय, त्यामुळे जावयाच्या घरी राहणारी विधवा सासू दिसली की काम झालं: तिचं आडनाव तेच तिच्या लेकीचं माहेरचं आडनाव. (सासूने पुनर्विवाह केला असेल तर फसगत होते.) 1841 च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, तिच्यावर विसंबू नका. 1911 ची मात्र चुकवू नका. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, गेली किती, हे तिथे घरच्यांच्याच अक्षरात आहे. आमच्या कागदावर मुलं सात, हयात चार, गेलेली तीन.

1921 ची खुली आहे, 1931 ची 1942 मध्ये जळाली, 1941 ची झालीच नाही. मधली पोकळी 1939 चं रजिस्टर (युद्ध सुरू होताच केलेली नागरिकांची नोंद) भरून काढतं.

बाई 1837 आधीची असेल तर क्रम उलटा. ती 1851 ला हयात असेल तर आधी जनगणनेतून जन्मगाव काढा, मग त्या पॅरिशची (म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीची) बाप्तिस्म्याची वही. या वह्या 1538 पासूनच्या आहेत, पण 1813 नंतरच्या छापील नमुन्यातही आईचं फक्त पहिलं नाव येतं.

या नोंदी दाखवणाऱ्या सशुल्क संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. प्रश्न आधी वहीत लिहून काढा आणि एकाच महिन्याची घ्या. इंग्लंडमध्ये राहत असाल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, अनेक ठिकाणी तिथे बसून हे फुकट बघता येतं.