'ओरिजिनल' बॅटरीच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर निघाला

बाबांच्या फोनला चार वर्षं झाली होती. सकाळी पूर्ण भरलेला फोन जेवणाच्या आधीच मान टाकायचा. कधी ३०% दिसत असताना रिंग वाजायची, उचलायला जावं तर फोन बंद. केबल बदलली, अडॅप्टर बदलला, पोर्टमध्ये साचलेला खिशातला मळ टूथपिकने काढला, कोणतं ॲप बॅटरी खातंय तेही बघितलं. फरक शून्य. म्हणजे बॅटरीच संपलेली. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८०% च्या आसपास येतात, शिवाय त्यांचा आतला रोध वाढतो. मग जरा ताण आला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि ३०% असतानाही फोन बंद पडतो.

इथवर सगळं सरळ होतं. बाबा डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या एका दुकानात गेले.

"काका, कंपनीची ओरिजिनल टाकतो, १,८०० होतील. कॉपी ६०० ला पण आहे, पण ती मी तुम्हाला देणार नाही."

या शेवटच्या वाक्यावरच निम्मी गिऱ्हाइकं विरघळतात. फोन पडद्याआड गेला, अर्ध्या तासाने बाहेर आला. जुनी बॅटरी मागितली तर म्हणे, "ती ई-कचऱ्यात द्यावी लागते काका, सरकारचा नियम आहे." ई-कचऱ्याचे नियम आहेत, पण गिऱ्हाइकाची बॅटरी त्याला परत देऊ नये असं त्यात कुठेही नाही. बिल म्हणून हातात चिठ्ठी पडली: 'बॅटरी १,८००, वॉरंटी ३० दिवस'. शिक्का नाही, मॉडेल नाही.

नवी बॅटरी चांगली असल्याचा पुरावा म्हणून त्याने स्क्रीनवरचे १००% दाखवले. हा पुरावाच नव्हे. १००% म्हणजे बॅटरीत आज जेवढी जागा उरली आहे तेवढी भरली. निम्मी मेलेली बॅटरीसुद्धा १०० दाखवते.

वर सल्ला दिला: "पहिले काही दिवस आठ-आठ तास चार्ज करा आणि पूर्ण उतरवा. सेट व्हायला महिना लागतो." लिथियम-आयनला असं काही लागत नाही, हा जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला. पण दुकानदाराच्या तो फार उपयोगाचा. फोन लवकर उतरायला लागला तरी बाबा म्हणायचे, "अजून सेट व्हायचीय." तेवढ्यात ३० दिवस उलटून गेले. परत गेल्यावर निदान बदललं: "बोर्डला लीकेज आहे, चार्जिंग आयसी बदलावा लागेल, ३,५००."

इथे मी मध्ये पडलो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतो. फोन पार उतरवून, बंद ठेवून, पूर्ण चार्ज केला आणि वॉट-अवरचा, म्हणजे फोनमध्ये एकूण किती ऊर्जा गेली त्याचा, आकडा बघितला. (एमएएच बघू नका, फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज बदलतं आणि आकडा फसवतो.) बॅटरी ५,००० एमएएचची, म्हणजे साधारण १९ वॉट-अवर, चार्ज होताना थोडं वाया जातं, तेव्हा मीटरवर १९ पेक्षा जास्तच दिसायला हवं. दिसलं १२.

मग ओळखीच्या कारागिराकडून फोन समोर बसून उघडून घेतला. बॅटरीवरचा स्टिकर चकचकीत, पण एक कोपरा उचललेला. त्याने नखाने सोलला तर खाली कंपनीचं मूळ लेबल, त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख. पाठीला आधीच्या डिंकाचे पिवळे पट्टे, कनेक्टरवर काढ-घाल केल्याचे ओरखडे. "कुणाच्या तरी फोनमधली काढून वर कागद मारलाय," तो म्हणाला. पडद्याआड राहिलेली बाबांची बॅटरी आज कुणाच्या फोनमध्ये असेल, हा विचार तेव्हा डोक्यात आला.

म्हणून बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन बघा. छापलेली तारीख, एमएएच आणि 'R-' ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक वाचा. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. खरा क्रमांक खोट्या स्टिकरवरही छापता येतो हे खरं, पण आमच्या वरच्या स्टिकरवर तेवढेही कष्ट घेतलेले नव्हते. फोन डोळ्यांसमोर उघडायला लावा आणि जुनी बॅटरी घेऊनच निघा. दुकानदार यातल्या कशालाही कुरकुरला तर पुढचं दुकान बघा. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली गेली असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. चार्जिंग थांबवा, दाबू-टोचू नका.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

मीटरचा फोटो, सोललेला स्टिकर आणि ती चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो. आवाज चढला, मग १९१५ चं नाव काढल्यावर उतरला. 'मजुरी' म्हणून ३०० कापून बाकीचे पैसे मिळाले. ते ३०० मी सोडले. त्याने ती बॅटरी मात्र दोनदा परत मागितली. दिली नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बसवून घेतली तेव्हा तिथल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकली.