२६,६४९ रुपयांचा बिंदू

चित्रकार सय्यद हैदर रझा २३ जुलै २०१६ ला गेले. ही तारीख मला पाठ आहे. त्यानंतरच्या सोमवारी मी नववीच्या वर्गात फळ्यावर एक मोठा काळा गोल काढला होता आणि अख्खा तास त्यावरच बोललो होतो. आणि त्यांच्या चित्राच्या छापील प्रतीसोबतच्या ज्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवून मी पैसे भरले, त्यावर छापलं होतं, ‘चित्रकाराने स्वहस्ते सही केली, मार्च २०१८’.

मी ते वाचलं होतं. फोटो बोटांनी मोठा करून वाचलं होतं. गेलेला माणूस जवळपास पावणेदोन वर्षांनी सही करतोय, हे मला दिसलं नाही. दिसला तो सोनेरी शिक्का.

२८ वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला दरवर्षी पोरं बसवली. रझांना लहानपणी त्यांच्या मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, मन एका जागी राहीना म्हणून. तोच ठिपका पुढे फ्रान्समध्ये त्यांचा ‘बिंदू’ झाला. आम्हा मास्तर लोकांना ही गोष्ट फार प्यारी, का ते सांगायला नको. निवृत्त झाल्यावर हॉलच्या भिंतीवर तो बिंदू असावा, सकाळी त्याच्यासमोर दहा मिनिटं बसावं, एवढीच हौस. मूळ चित्रं कोटींत जातात, म्हणून फ्रेम केलेली छापील प्रत.

मोबाइलवर जाहिरात आली. सेरिग्राफ, १५० पैकी ४२ वी प्रत, पेन्सिलची सही, सागवानी फ्रेम, १४,८०० रुपये. हाव सुटली म्हणाल तर नाही. दोन हजार म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. किंमत बरोबर तेवढी ठेवली होती, जेवढी मास्तरला परवडेल आणि खरीही वाटेल. आधी ७,४०० भरले, ‘माल निघाला’ म्हटल्यावर आणखी ७,४००, मग विमा आणि पॅकिंगचे १,८५०, ‘परत मिळणारे’. परत मिळणारे पैसे आधी घेतातच कशाला, हे कुणी विचारलं? बायकोने. मी तिलाच गप्प केलं.

पार्सल आलं. सागवान म्हणजे फायबरची पट्टी. सहीवर खोडरबर घासला, ढिम्म हलली नाही. भिंग लावलं तर निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी. सेरिग्राफ म्हणजे लग्नपत्रिकेसारखं स्क्रीनचं काम, एकेक रंग सपाट बसतो, ठिपके दिसत नाहीत. एक बिंदू मागितला होता, लाखभर आले. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर सही आणि फ्रेमची मागची बाजू दाखवायला लावा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. आणि प्रमाणपत्र कुणीही छापतं.

खरी लाज पुढे आहे. मी भांडलो, तर पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, ‘सर, सॉरी, पूर्ण १६,६५० परत करतो, दोन हप्त्यांत, ९,९९९ आणि ६,६५१. कोड स्कॅन करा, पिन टाका.’ टाकला. खात्यातून ९,९९९ गेले. ‘ओटीपी सांगू नका’ एवढंच डोक्यात बसलेलं, आणि ओटीपी मी सांगितला नाहीच! शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते, स्क्रीनवरचं बारीक कुठलं दिसतंय. बिंदू घ्यायला निघालो आणि मोतीबिंदू आडवा आला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. दाराला चिकटवून ठेवा हे वाक्य.

मग फेऱ्या सुरू. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमचा दोष नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पार्सल मिळालंय ना, मग हा ग्राहकाचा वाद. ९,९९९ चं काय? त्याला आधी ठाण्याचा अर्ज आणा. परत ठाणे. तिथे दीड तास बाकावर, मग प्रश्न, ‘चित्र खोटं कशावरून? तज्ज्ञाचा दाखला आणा.’ मी म्हटलं, मीच चित्रकलेचा मास्तर आहे. हवालदार फ्रेमकडे बघून म्हणाला, ‘मास्तर, गोलच आहे, घरीच काढायचा ना.’ सगळे हसले. २८ वर्षांत वर्गात कुणी असं हसलं नव्हतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिलावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. हे मी आधी बघायला हवं होतं. तुम्ही बघा.

मी दोन दिवस लाजेने कुणाला बोललो नाही, तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत पांगले. लाजू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

रझांनाही हे चुकलं नव्हतं म्हणा. २००९ मध्ये दिल्लीत ते स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवर नकली चित्रं सापडली. त्यांनी निदान बघताक्षणी ओळखलं.

फ्रेम ‘पुरावा आहे, टाकू नका’ म्हणून कपाटामागे उभी आहे. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव नवं, किंमत १२,५००, सोनेरी शिक्का तोच आणि प्रतही तीच, १५० पैकी ४२ वी. तीनदा तक्रार केली. जाहिरात अजून चालू आहे.