फियाट घ्यावी की अ‍ॅम्बेसेडर? स्वतः बॉनेट उघडणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घ्यायची, आणि गॅरेजवर सोडून न देता रविवारी स्वतःचे हात काळे करत सांभाळायची, असं ठरवलेला माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबतो: फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर. फियाट म्हणजे अर्थात प्रीमियर पद्मिनी. तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी फक्त आरटीओच्या खिडकीत पाहिला आहे.

माझ्याकडे बारा वर्षं फियाट आहे. अ‍ॅम्बेसेडर मेव्हण्याची, पण तिचं बॉनेट त्याच्यापेक्षा मीच जास्त वेळा उघडलंय. तेव्हा माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

कूळ दोघींचंही परदेशी. एक इटलीच्या फियाट 1100 ची लेक, कुर्ल्यात वाढलेली. तिच्या आधीच्या गोल नाकाच्या पिढीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. दुसरी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला जन्मलेली आणि 2014 पर्यंत बनत राहिलेली. फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, अ‍ॅम्बेसेडरचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज 1489 सीसीचं. दोन्ही चार सिलिंडरची, पुशरॉडची (लांब दांड्यांनी व्हॉल्व उघडणारी), आणि ताकद मागच्या चाकांना. एक शिकलात की दुसरी बारा आणे कळते. 1992 नंतरची इसुझू इंजिनची अ‍ॅम्बेसेडर मात्र वेगळीच गाडी समजा; इथे मी तिच्याबद्दल बोलत नाही. डिझेलच्या तर शिकाऊ माणसाने वाटेलाच जाऊ नये.

बॉनेटखाली पहिला अर्धा तास

नवख्याला अ‍ॅम्बेसेडर आधी कळते. बॉनेट मोठं, आत जागा ऐसपैस, हात कुठेही जातो. एका बाजूला कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा) आणि सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड, दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिब्युटर आणि ऑइल फिल्टर. एकदा इंजिनाला गोल चक्कर मारून पाहिली की नकाशा डोक्यात बसतो. फियाटमध्ये सगळं जवळजवळ आहे. पाना फिरवताना बोटांची सालं निघतात.

ओळखायची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच. चार प्लगांच्या जाड वायरी जिथे जाऊन मिळतात तो डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा. जुने मेस्त्री त्याला डेल्को म्हणतात. त्याच्या टोपीच्या मधोमध निघालेली पाचवी वायर धरून चला, ती इग्निशन कॉइलपाशी पोचते. फॅन बेल्टवर बोट ठेवून फिरा: खाली क्रँकची पुली, वर पंख्यामागे पाण्याचा पंप, आणि बाजूला डायनमो किंवा अल्टरनेटर. लांबट नळकांडं दिसलं तर डायनमो, बुटकं आणि भोकाभोकांचं दिसलं तर अल्टरनेटर. डायनमोची गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवे मंद होतात. तो बिघाड नव्हे.

पान्यांचा प्रश्न

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात: 10, 13, 17, आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे. अ‍ॅम्बेसेडर इंचाची गाडी, तिथे हिशेब सुतात चालतो. अर्धा इंची म्हणजे चार सुती पाना. आता अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, आणि तुमच्या डब्यातला 13 नंबरचा पाना त्यावर 'जवळजवळ' बसतो. या जवळजवळमध्येच सगळा घात आहे. सैल बोल्ट निघतो, गंजलेला असला की पाना सटकतो आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. मेव्हण्याच्या गाडीवर एका मेस्त्रीने वॉटर पंपाचे दोन बोल्ट असेच गोल करून ठेवले होते. ते काढायला आम्हाला छिन्नी, हातोडी आणि अख्खा शनिवार लागला. अ‍ॅम्बेसेडर घेणार असाल तर गाडीआधी इंची पान्यांचा सेट घ्या.

हेड: इथे खरा फरक

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, ब्लॉक म्हणजे खालचं धड. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अ‍ॅम्बेसेडरचं दोन्ही बीड. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून फियाट एकदा जरी सणकून तापली तरी हेड वाकू शकतं, हेड-ब्लॉकमधलं गॅस्केट उडू शकतं, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आतली बाजू बघा. तिथे दुधावरच्या सायीसारखा दाट थर दिसला तर गाडी विकणाऱ्याला नमस्कार करून परत फिरा. फियाट सांभाळणं म्हणजे निम्मं पाणी सांभाळणं. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी नको, कूलंट हवंच. होज पाइप चिमटून बघत राहा, आणि काटा वर चढायला लागला की 'घाट तर संपतोय' म्हणून पुढे रेटू नका.

अ‍ॅम्बेसेडरचं हेड तेवढं हळवं नाही. पण तिला दुसरं दुखणं आहे. जुन्या बी-सिरीज हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्वची (जळलेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची) बैठक, म्हणजे सीट, बिडातच कापलेली असते. शिसं असलेल्या पेट्रोलचा त्या बैठकीला आधार होता, आणि ते पेट्रोल 2000 साली आपल्याकडून गेलं. तेव्हापासून सतत वेगात पळवलेल्या गाडीत ही बैठक हळूहळू खचते. कळतं कसं? टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्ववरची फट जुळवताना. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याची) जी पट्टी गेल्या वेळी बरोबर सरकत होती, ती या वेळी आत जात नाही. दर खेपेला एखाद्या व्हॉल्वची गॅप कमीच भरत असेल तर टॅपेटला दोष देऊ नका, सीट खचते आहे. इलाज म्हणजे हेड उतरवून कडक सीट बसवून घेणं. खर्चाचं काम, पण एकदाच. फियाटच्या मऊ हेडमध्ये वेगळ्या कडक सीट मुळातच बसवाव्या लागतात, त्यामुळे ती या भानगडीतून सुटली.

कार्बोरेटर

मला अ‍ॅम्बेसेडरचा हेवा वाटतो तो एसयू कार्बोरेटरपायी. (नंतरच्या काही गाड्यांवर सोलेक्स आहे, घेताना बघा.) बाजूने हवा ओढणारा, वर घंटेसारखा घुमट. घुमटाच्या डोक्यावरची टोपी फिरवून काढली की खाली एक बारीक दांडी लोंबत येते. आत पोकळ नळीत थोडं पातळ ऑइल असायला हवं. ते आटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, मग उचलते. चमचाभर ऑइल घातलं की अडखळणं गायब. मेव्हणा या कामाला दोनदा 'कार्बोरेटर ओव्हरहॉल'चे पैसे देऊन बसला होता. दांडी काढून ठेवायची, आतला पिस्टन बोटाने उचलून सोडायचा. 'टक्' असा स्वच्छ आवाज करत पडला तर ठीक, रेंगाळला तर घुमट उघडून पुसायचा.

फियाटचा सोलेक्स वरून हवा ओढतो आणि कचरा गिळतो. स्लो रनिंगला बंद पडू लागली की बहुतेकदा बारीक जेट तुंबलेला असतो. काढा, फुंका, लावा. तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर पेट्रोल पिते. शिवाय उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेनासा होतो. मी एप्रिल-मेमध्ये गाडीत ओलं फडकं ठेवतो, पंपावर टाकायला.

हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर पाइप आणि पंपाचा पडदा दोन्ही गाड्यांत कडक किंवा फुगलेले निघतात. घेतल्याबरोबर बदला, कारण पेट्रोल गळतं ते गरम मॅनिफोल्डच्या आसपास.

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच), प्लग, ऑइल, ग्रीस यांत डावं-उजवं काही नाही. पॉइंटची गॅप साधारण 0.4 मिलिमीटर, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. ऑइल 20डब्ल्यू-50.

स्पेअर, पत्रा, कागद

फियाटचा माल कुर्ल्यात आणि पुण्याच्या नाना पेठेत शोधला की अजून सापडतो. पण 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून दुकानदार नवा माल भरायला फारसे उत्सुक दिसत नाहीत. असलेला तेवढा विकतात. अ‍ॅम्बेसेडरसाठी शेवटचा आधार कोलकात्याचं मलिक बाजार. पार्सल येतं, पण फोटो पाठवून खात्री करा.

पत्र्याची तपासणी मात्र इंजिनाच्याही आधी. फ्रिजवरचा चुंबक रुमालात गुंडाळून दरवाज्यांच्या खालून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कोकणातल्या गाडीला हे दोनदा करा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेली तळपाटी बांधायची तर टिंकरिंगच्या खर्चात दुसरी गाडी येते.

पन्नास वर्षं झालेली गाडी 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण मग ती रोज चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. दर रविवारी मिसळ खायला जायचं असेल तर नेहमीचीच नोंदणी चालू ठेवा.

सोसायटीत एकच आखलेली जागा असेल तर फियाट. अ‍ॅम्बेसेडर तिच्यापेक्षा जवळपास हातभर लांब आहे, आणि शेजारचे तो हात मोजतात. पाने घरात आहेत, पाण्याकडे लक्ष ठेवायची शिस्त आहे, तरी फियाटच. वाड्यापुढे अंगण आहे, रस्ता खडबडीत आहे, घरात पाच माणसं आहेत आणि इंजिन ओळखण्यापासून सुरुवात करायची आहे, तर अ‍ॅम्बेसेडर घ्या. आणि पाहायला जायच्या आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गार इंजिन चालू होताना काय करतं हे त्याला तुम्हाला दाखवायचं नाहीये.