छपरावर न चढता नऊ महिने: ड्रोननं घर तपासण्याचा माझा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत आमच्या घरातलं कुणीही छपरावर चढलेलं नाही. त्याआधी दर पावसाळ्यापूर्वी बाबा शिडी लावायचे आणि मी खाली ती धरून उभी राहायचे. शेवटच्या खेपेला शिडीचा पाय ओल्या फरशीवरून सरकला आणि बाबा पाचव्या पायरीवरून खाली आले. मनगटावर निभावलं. पण ते सत्तरीत आहेत. पाचव्याऐवजी दहावी पायरी असती तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून ड्रोन घेतला.

ड्रोन छोटा आहे, 249 ग्रॅमचा, घडी होणारा. कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा, बॅटऱ्या तीन. घर तीन तऱ्हांचं आहे: पुढे उतरतं कौलारू छप्पर, मागे जिना नसलेली सपाट गच्ची आणि बाजूला पत्र्याची शेड. त्यामुळे तीन प्रकारच्या छपरांवर हा ड्रोन किती कामाचा आहे, ते एकाच घरात कळलं. आतापर्यंत 19 उड्डाणं झाली आहेत. त्यांतली पहिली चार वाया गेली असंच मी म्हणेन, आणि त्यात ड्रोनचा दोष नव्हता.

मी भर दुपारी, लख्ख उन्हात, बरोबर डोक्यावरून खाली बघणारे फोटो काढत होते. फोटो दिसायला सुरेख होते, पण त्यातून कळत काहीच नव्हतं. वरून पाहिलं की कौलांची ओळ सपाट दिसते. कुठलं कौल उचललं गेलंय, कुठलं खाली सरकलंय, ते कळायला बाजूनं तिरकं पाहावं लागतं, आणि ऊनही तिरकं लागतं. आता मी सकाळी सूर्य वर आल्यावर तासाभराच्या आत उडवते. त्या उन्हात सरकलेल्या कौलाची सावली शेजारच्या कौलावर पडते आणि दोष आपोआप उठून दिसतो. कॅमेरा साधारण 45 अंशांत ठेवून प्रत्येक उताराच्या समोरून एक फेरी, मग सरळ खाली बघत एक फेरी, एवढंच करते. व्हिडिओ घेत नाही. थांबून काढलेल्या फोटोत जो बारकावा मिळतो तो हलत्या चित्रात मिळत नाही. एक फोटो पुढच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढला पाहिजे, म्हणजे मध्ये काही सुटत नाही.

किती जवळ जायचं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबानं 10 मीटरवरून फोटोतला एक ठिपका म्हणजे छपरावरचे सुमारे साडेतीन मिलिमीटर. 5 मीटरवरून तो दोन मिलिमीटरच्या आत येतो. म्हणजे फुटलेलं कौल, निसटलेला स्क्रू, सुटलेला पत्र्याचा कोपरा 10 मीटरवरूनही दिसतो, पण गच्चीवरची केसासारखी बारीक भेग 5 मीटरवरूनही दिसेलच असं नाही. मी पाच-सहा मीटरवर थांबते. त्याहून जवळ जाण्याचा मोह होतो, पण तिथे वाऱ्याचा एक झोत पुरेसा असतो.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यात मी चुकले होते. अंगणात शांत वाटतं तेव्हाही आढ्यावर वारा असतो. शिवाय वारा एका उतारावरून चढून आढं ओलांडतो तेव्हा पलीकडच्या बाजूला तो गोल फिरून खाली येतो. त्या बाजूला ड्रोन अचानक छपराकडे ओढला जातो, आणि हे अंगणात उभं राहून कळत नाही. आता झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताना दिसल्या, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापात वारा 3 पर्यंत गेला, की मी त्या दिवशी ड्रोन बाहेरच काढत नाही. कंपनीनं लिहिलेली क्षमता याहून बरीच जास्त आहे. ती मोकळ्या मैदानासाठी ठीक असेल, भिंती आणि टाक्यांच्या मध्ये मी तिच्यावर विसंबत नाही.

तिसऱ्या महिन्यात ड्रोन पडला. मी पुढच्या अंगणात उभी होते आणि मागची गच्ची बघायला ड्रोन आढ्यापलीकडे नेला. मला तो दिसत नव्हता, फक्त स्क्रीनवरचं चित्र दिसत होतं. मध्ये अख्खं घर आल्यामुळे सिग्नल तुटला आणि ड्रोननं स्वतःहून उडालेल्या जागी परतायचं ठरवलं. परतीची उंची मी 20 मीटर ठेवली होती. तो 20 मीटरवर चढला, सरळ रेषेत निघाला आणि मागच्या झाडाच्या शेंड्यात घुसला. शेंडा 20 मीटरच्या वर होता, हे मी कधी मोजलंच नव्हतं. पंखे तुटले, ड्रोन पत्र्यावर आदळला. आणि मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत बाबांनी शिडी बाहेर काढली होती. ज्या गोष्टीसाठी ड्रोन घेतला, तीच पुन्हा दारात उभी! आम्ही तो शेवटी खिडकीतून लांब बांबूला आकडा बांधून ओढून घेतला.

त्या दिवसापासून ड्रोन स्वतःच्या डोळ्यांना सतत दिसला पाहिजे हा नियम मला नुसता कागदावरचा वाटत नाही. हा नियम भारतात आहे, अमेरिकेत आहे, युरोपातही आहे. आता मागची बाजू तपासायची तर मी मागे जाऊन उभी राहते आणि तिथूनच नव्यानं उड्डाण करते. परतीची उंची आसपासच्या सगळ्यांत उंच वस्तूपेक्षा 10 मीटर जास्त. ड्रोन दाखवतो ती उंची उडालेल्या जागेपासूनची असते, छपरापासूनची नव्हे, हेही ध्यानात ठेवावं लागतं. बारीक तारा, केबल, पानं झडलेल्या डहाळ्या ड्रोनच्या सेन्सरना नीट दिसत नाहीत. मी आधी दुर्बिणीनं तारा बघून घेते. आणि पत्र्याच्या शेडवर किंवा लोखंडी जाळीवर ठेवून उड्डाण कधीही सुरू करू नका, ड्रोनचं होकायंत्र तिथे चुकतं. मोकळ्या जमिनीवर लाकडी पाट ठेवला की झालं.

आता कायद्याकडे येते. छप्पर माझं, मग त्याच्यावर उडवायला कुणाची परवानगी कशाला, असं मलाही वाटायचं. पण छपरावरचं सगळं आकाश छपराच्या मालकीबरोबर येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1946 मध्ये कॉजबी नावाच्या कोंबडीपालकाच्या खटल्यात हे मांडलं होतं. लष्करी विमानं त्याच्या घरावरून इतकी खालून जायची की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. न्यायालयानं त्याची बाजू घेतली, पण जमिनीच्या मालकाचं आकाश अनंतापर्यंत असतं ही जुनी समजूत मात्र मोडीत काढली. जमिनीलगतचं, आपल्या वापराला लागणारं आकाश तेवढं आपलं. ड्रोन नेमका त्या सीमेवर उडतो, म्हणून प्रत्येक देशानं त्याचे वेगळे नियम केले.

मी जिथे जिथे वाचलं तिथे दोन आकडे पुन्हा पुन्हा भेटले: 250 ग्रॅम आणि 120 मीटर, म्हणजे 400 फूट. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला आणि बिगरव्यावसायिक कामासाठीच्या मायक्रोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र हिरवा, पिवळा, लाल हे हवाई विभाग सगळ्यांनाच लागू आहेत. हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत, पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आपलं घर कुठल्या रंगात येतं ते दोन मिनिटांत दिसतं. युरोपात मात्र ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा हलका असला तरी त्यावर कॅमेरा आहे म्हटल्यावर, तो खेळणं म्हणून विकलेला नसेल तर, चालवणाऱ्याला नोंदणी करावीच लागते. हलका ड्रोन म्हणजे सगळ्यातून सुटका, असं समजून कुणी तिथे गेलं तर फसेल.

249 ग्रॅमची आणखी एक गंमत, जी खोक्यावर लिहिलेली नसते. पंख्यांना संरक्षक जाळी लावली किंवा मोठी बॅटरी बसवली की वजन 250 च्या वर जातं आणि तुमच्यासाठी नियमच बदलू शकतात. भिंतीजवळ काम करायचं म्हणून मी जाळी मागवली होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली आणि परत डब्यात ठेवली.

सगळ्यांत जास्त गैरसमज आहे तो पैशांबद्दल. मी पैसे घेत नाही, म्हणजे हा छंद, असं अनेक जण धरून चालतात. अमेरिकेत तसं नाही. तिथली विमान वाहतूक संस्था एफएए छपराची तपासणी हे छंदाबाहेरच्या वापराचं उदाहरण म्हणूनच देते. पैसे घेतले का, यापेक्षा कशासाठी उडवलं, हे तिथे मोजलं जातं. 2016 मध्ये लागू झालेल्या पार्ट 107 नियमांखाली त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. माझी एक मैत्रीण तिथे राहते. शेजारणीचं छप्पर फुकट बघून देते म्हणून ती निर्धास्त होती. मी सांगितल्यावर तिनं अभ्यास केला आणि परीक्षा दिली. हवामान, हवाई नकाशे, बॅटरीची जोखीम असं बरंच तिला त्यात शिकायला मिळालं, आणि मलाही तिच्याकडून.

शेजाऱ्यांचा विषय कायद्यापेक्षा मोठा आहे असं माझं मत झालंय. पहिल्या महिन्यात पलीकडच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, “अगं, ते आमच्या घरात बघतंय का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी ड्रोन उतरवला, त्यांच्याकडे गेले आणि फोटो दाखवले. दोन फोटोंच्या कडेला त्यांची दोरीवरची धुणी आली होती. ते दोन्ही मी त्यांच्यासमोर पुसून टाकले. आता आदल्या दिवशी आजूबाजूच्या तीन घरांत वेळ सांगून येते, कॅमेरा खाली वळवूनच ड्रोन वर नेते आणि आमच्या कुंपणाबाहेर जात नाही. उड्डाण चालू असताना अंगणात कुणी येणार नाही, हे बाबा बघतात. गेल्या महिन्यात काकूंनीच विचारलं, आमची पन्हळ बघून देशील का. बघून दिली, त्या स्वतः शेजारी उभ्या होत्या.

आता ड्रोननं खरं काय दिलं ते सांगते. मागच्या खोलीत छताला ओल यायची. बाबांचा संशय कौलांवर होता, गवंड्याचा गच्चीवर. मी दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच कोनात फोटो काढत होते. सहा महिन्यांचे फोटो ओळीनं लावले तेव्हा दिसलं, की कौलांचे दोन उतार जिथे मिळतात त्या खाचेत झाडाचा पाला महिन्या-महिन्यानं चढत चाललाय. पहिल्या फोटोत बोटभर, सहाव्यात कौलांच्या काठाला टेकलेला. पाऊस आला की पाणी तिथे अडून कौलांखाली शिरत होतं. एकच फोटो पाहिला असता तर थोडा पाला आहे म्हणून सोडून दिलं असतं. फोटो बघून गवंडी कमरेला दोर बांधून नेमक्या त्या जागी गेला आणि वीस मिनिटांत खाली आला. आधी तो अख्खं छप्पर तुडवत फिरायचा आणि दोन-चार कौलं त्याच्याच पायाखाली जायची.

गच्चीसाठी वेगळी वेळ साधावी लागते. पाऊस थांबल्यावर 48 तासांनीही जिथे पाणी साचलेलं दिसतं तिथला उतार बिघडलेला असतो. हे बघायला ड्रोनसारखी सोय नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. गिलाव्याखालचा पोकळपणा ड्रोनला कळत नाही, तो ठोकून आवाजावरूनच कळतो. वॉटरप्रूफिंगचा थर खालून सुटलाय का, कौलाखालचं लाकूड मऊ पडलंय का, हेही नाही. एकदा आम्ही प्रमाणपत्र असलेल्या चालकाला थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन बोलावलं. सूर्यास्तानंतर कोरडी गच्ची लवकर निवते आणि ओल धरलेला भाग उष्णता धरून राहतो, त्यामुळे तो चित्रात उजळ दिसतो. आमच्या गच्चीवर टाकीजवळ तसा एक डाग दिसला आणि गवंड्यानं ठोकल्यावर तिथेच पोकळ आवाज आला. पत्र्यावर मात्र थर्मल चित्राचा भरवसा धरू नये. चकचकीत पत्रा आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो आणि तापमान भलतंच येतं.

बॅटरी अर्ध्या तासाची म्हणून येते, मला 20 ते 22 मिनिटं मिळतात. 30 टक्क्यांवर मी उतरवतेच. महिनाभर ठेवायची असेल तर निम्मी चार्ज करून ठेवा. एक बॅटरी पूर्ण भरून कपाटात विसरले, ती फुगली, टाकून द्यावी लागली. पंख्यांच्या कडांवरून प्रत्येक वेळी नख फिरवून बघा, खरखर लागली तर पंखा बदला. पक्ष्यांची घरटी करायची वेळ असेल तर थांबा. आमच्याकडे कावळ्यांनी दोनदा ड्रोनचा पाठलाग केला, दोन्ही वेळा मी काम अर्धवट सोडलं आणि तीन आठवडे उडवलं नाही.

आता दर महिन्याला फोटो काढून झाले की बाबा टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतात, चष्मा पुसतात आणि एकेक कौल मोठं करून बघतात. पन्नास वर्षं ते छप्पर त्यांनी पायानं ओळखलंय. कुठलं कौल कधी बदललं ते मला सांगतात, मी फोटोवर खूण करून तारीख लिहिते. शिडी अजून मागच्या खोलीत आहे, पण तिच्यावर आता कुंड्या ठेवल्या आहेत.