बॅकयार्डमधला डेक: लाकडी फळ्या की कंपोझिट?

न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात डेकचा (घरामागे, घराला लागून बांधलेल्या फळ्यांच्या ओट्याचा) विषय निघतो, आणि लगेच प्रश्न येतो: लाकडी करायचा की कंपोझिट? आमचा लाकडी आहे, शेजारच्यांचा कंपोझिट. दोन्हींवर अनवाणी फिरून आणि चहा पिऊन झालाय, म्हणून लिहितोय.

इथे लाकडी म्हणजे बहुतेक वेळा प्रेशर-ट्रीटेड पाइन. तांब्याची संयुगं दाबाने आत मुरवलेली असतात, त्यामुळे लाकूड सहज कुजत नाही, वाळवीही लांब राहते. पण त्या तांब्यामुळे साधे खिळे गंजतात. स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) किंवा स्टेनलेसचेच घ्या. (घरासोबत 2004 च्या आधीचा डेक मिळाला असेल तर त्याच्या लाकडात विषारी आर्सेनिक असू शकतं. ते घासू नका, शेकोटीत तर मुळीच घालू नका.)

हे लाकूड दुकानातून येतं तेच ओलं. फळ्या एकमेकींना भिडवून बसवल्या तरी सुकल्यावर आपोआप फट पडते. आम्ही हौसेने दुसऱ्याच आठवड्यात स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला आणि हिवाळा संपेपर्यंत त्याचे पोपडे निघाले. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मुरले तर स्टेन मारा, तसेच उभे राहिले तर थांबा. पुढे दर दोन-तीन वर्षांनी धुणं, घासणं, परत स्टेन. हे कोण करणार, ते घरात आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे ठरलं नव्हतं.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, आजकाल वरून प्लास्टिकचं कवच. स्टेनची कटकट नाही, रांगत्या बाळाच्या गुडघ्यात कुसळ जायची भीती नाही. फोडणीचं तेल सांडलं तर वेळेवर साबणाने पुसलं की जातं. आमच्या पाइनवर मागच्या दिवाळीचा डाग अजून आहे. फळ्यांचा खर्च मात्र साधारण दुप्पट-तिप्पट. आणि गडद रंगाची फळी जुलैच्या दुपारी अशी तापते की शेजारच्या काकू पापड वाळत घालायलाही चपला घालून जातात. पापड आमच्यापेक्षा लवकर वाळतात, हेही खरं. उन्हात ही फळी लांबीला वाढते, म्हणून टोकांशी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे फट सोडावी लागते.

आता कोटेशन बघताना निसटणारी गोष्ट. वरची फळी कोणतीही घ्या, खालचा सांगाडा दोन्हीकडे बहुतेक त्याच ट्रीटेड पाइनचा असतो. महागडी फळी अजून धडधाकट आणि खालची तुळई कुजलेली, असंही होतं. डेक घराच्या भिंतीला जिथे जोडतात ती लेजरची फळी नुसत्या खिळ्यांवर नको. तिथे बोल्ट किंवा जाड स्ट्रक्चरल स्क्रू हवेत आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी. खांबांचे पाये जमीन गोठते त्या खोलीच्या खाली जायला हवेत. ती खोली टाउनशिपमध्ये परमिट काढताना विचारा. खणण्याआधी 811 ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी कुठे आहेत ते खुणा करून देतात, फुकट आहे. डेक जमिनीपासून 30 इंचांहून उंच असेल तर निदान 36 इंचांचा कठडा लागतो.

मला विचाराल तर: दहा-बारा वर्षं तिथेच राहणार असाल आणि ब्रश हातात धरायचा कंटाळा असेल, तर फिक्या रंगाचं कंपोझिट. चार-पाच वर्षांत घर विकायचा विचार असेल तर पाइन. आणि आत्ता पैसे कमी असतील तर सांगाड्यावर कंजुषी न करता आज पाइनच्या फळ्या टाका, त्या थकल्या की त्याच सांगाड्यावर कंपोझिट बसवा. फक्त जॉइस्टमधलं (फळ्या ज्यांवर बसतात त्या आडव्या तुळयांमधलं) अंतर आजच नीट ठेवा: सरळ फळ्यांना 16 इंच, तिरप्या बसवायच्या असतील तर 12. आमचे 16 वर आहेत. तिरप्या फळ्यांची बायकोची हौस तेवढी राहून गेली.