‘नवीन आहात का?’ या प्रश्नाची किंमत ७८,०५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. ७८,०५० रुपये. दोन वर्षं ग्रिल, गेट अन् पत्र्याचे दरवाजे करून साठवलेले. ते गेले गर्डर घेण्यात, म्हणजे खरं तर जे लोखंड गाडीत नव्हतंच त्यात.

मी अडाणी नाही, हेही लिहून ठेवतो, कारण महिनाभर घरीदारी तेच ऐकून राहिलो. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. गाड्या तोलायच्या धरमकाट्याच्या पावत्या तपासून फाइलला लावायच्या, हे माझं रोजचं काम. नोकरी गेल्यावर वेल्डिंग शिकलो आणि हिंगणा रोडला टिनाचं शेड भाड्यानं घेतलं. पण बारा-बारा मीटरचे गर्डर विकत घेणं, कापून घेणं, वाहून आणणं हे कधी केलं नव्हतं. आणि केलं नाही हे समोरच्याला कळू द्यायचं नव्हतं. माझी खरी चूक ती.

काम मिळालं एका ठोक किराणावाल्याच्या गोदामात पोटमाळा बांधायचं. ड्रॉइंगमध्ये एमबी २५०, म्हणजे २५० मिमी उंचीचा मध्यम वजनाचा (मीडियम बीम) गर्डर, सहा मीटरचे सोळा नग. नवा माल पक्क्या बिलात घ्यावा तर हातात तेवढे पैसे नव्हते. ओळखीतून एका दलालाचा नंबर मिळाला. बंद पडलेल्या कारखान्याचे गर्डर, ‘भिलाईचा जुना माल, आताच्या मालाले हात नाही लावू देणार तुमी’, ४३ रुपये किलो. बारा मीटरचे आठ नग. यार्डातच अर्धे कापून देतो म्हणाला, कारण बारा मीटरला ट्रेलर लागतो आणि सहा मीटरचा माल वीस फुटी गाडीत बसतो. हे बरोबरच होतं. फसवणाऱ्याच्या दहा गोष्टींतल्या नऊ बरोबरच असतात.

यार्ड आउटर रिंग रोडला लागून. थप्पी रचलेली, वरचे दोन नग पुसून ठेवल्यासारखे. मी टेप काढला. उंची २५०, फ्लँजची, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची, रुंदी १२५. पास.

इथे जरा थांबा, कारण नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही. एमबी २५० आणि हलक्या वजनाचा (लाइट बीम) एलबी २५०, दोन्हीची उंची २५० आणि रुंदी १२५. टेपला फरक कळतच नाही. फरक सगळा जाडीत. एमबीचा वेब, म्हणजे मधली उभी पट्टी, ६.९ मिमी, फ्लँज १२.५ मिमी, मीटरला ३७.३ किलो. एलबीचा वेब ६.१, फ्लँज ८.२, मीटरला २७.९ किलो. गर्डरच्या मापांचं भारतीय मानक आयएस ८०८, त्याच्या तक्त्यात लिहिलेलं आहे, तो तक्ता माझ्या मोबाइलमध्ये होता. जाडी मोजायचा व्हर्नियर बॅगेत होता, साडेआठशे रुपयांचा, डबीतून न काढलेला.

नवतपा, मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. दुपारी लोखंडाला हात लागत नाही, म्हणून कटिंग संध्याकाळी ठेवलं. हे मीच कबूल केलं, कोणी जबरदस्ती केली नाही. साडेपाचला कटरनं गॅस कटिंगची टॉर्च पेटवली. पहिले दोन नग सावकाश कापले गेले, ठिणग्यांचा नुसता पाऊस. तिसऱ्यापासून काम भराभर निघालं. मी स्टुलावर चहा घेत बसलो होतो आणि मला वाटलं, हात बसला त्याचा. हात नाही बसला, फ्लँज पातळ झाली होती. थप्पीतले वरचे दोन एमबी, खालचे सहा एलबी.

आणि आता ती घटका, जी मला रात्री दोनला उठवते. चौथा नग कापून झाला, तुकडा बाजूला पडला. कापलेल्या तोंडावर काळी-निळी झाक, खाली मळीचे थेंब लटकलेले. माझी नजर फ्लँजच्या काठावर गेली. बारीक दिसला. मी उठलो, वाकलो आणि म्हणालो, ‘हे काठाला पातळ काऊन दिसून राहिलं?’

दलाल हसलासुद्धा नाही. अगदी मास्तरच्या आवाजात म्हणाला, ‘काठाले पातळच राहते भाऊ, उतार असते त्याले. नवीन आहात का या लाइनमंदी?’

उतार असतो, हे खरं आहे. आपल्याकडच्या या गर्डरची फ्लँज वेबकडे जाड आणि काठाला निमुळती असते. एमबी २५० चा काठही आठेक मिमीच भरतो. पण या नगाचा चारेक होता. जाडी मोजायची ती काठ आणि वेब यांच्या साधारण मध्यावर, म्हणजे तीसेक मिमी आत. दोन मिनिटांचं काम. तापलेला तुकडा थंड व्हायची वाट पाहिली असती तर दहा मिनिटं. मी काय केलं? म्हणालो, ‘नाही नाही, माहीत आहे मला,’ आणि जाऊन स्टुलावर बसलो. चहा संपला होता, तरी कप तोंडाला लावला.

उरलेले चार नगही कापले गेले. हे कटिंग माझ्या सोयीसाठी नव्हतंच. कापलेला माल परत होत नाही, कोणत्याही यार्डात विचारून पाहा. टॉर्च लागली की तुमचं तोंड बंद. कापायच्या आधी प्रत्येक नग मोजा, थप्पी उलटून मोजा. हायड्राचा, म्हणजे माल उचलायच्या क्रेनचा, अर्ध्या तासाचा खर्च जास्त होऊ द्या.

मग वजन. काटा यार्डवाल्यानं सांगितलेला. रिकामी गाडी ४,४७०, भरलेली ८,०३०, निव्वळ ३,५६०. मी मनातल्या मनात हिशेब केला, ९६ मीटर गुणिले ३७.३ म्हणजे ३,५८०. वीस किलो कमीच भरलं होतं! मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. पावत्या तपासण्यात अकरा वर्षं घालवलेल्या माणसाला आदर वाटला.

पैसे: माल १,५३,०८०. त्यातले ५०,००० यूपीआयनं, १,०३,०८० रोख. कटिंग आठ कापांचे ३५० प्रमाणे २,८००. हायड्रा ३,०००. गाडी ४,५००. एकूण १,६३,३८०. बिल कच्चं. हो, कच्चं. पक्क्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर २७,५५४ रुपये. मोठे व्यापारी काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे, मी एकदाच केलं. राज्यातल्या राज्यात लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं, तेही नव्हतं, म्हणून ड्रायव्हरनं गाडी आतल्या रस्त्यानं घेतली आणि मला म्हणाला, तुम्ही बाइकनं पुढे व्हा, शेड उघडून ठेवा.

चोरी पकडली कोणी? हमालानं. रात्री साडेनऊला माल उतरवताना चौघांनी एक नग खांद्यावर घेतला, मग दुसरा. पाचव्यानंतर त्यातला म्हातारा म्हणाला, ‘साहेब, यातले काही बीम हलके लागून राहिले.’ सहा मीटरचा एमबी २२४ किलो, एलबी १६७. माणशी १४ किलोंचा फरक त्याच्या खांद्याला कळला. मी मोबाइलच्या उजेडात व्हर्नियर लावला. चार तुकडे १२.५ च्या आसपास, बारा तुकडे ८. माझे पाय गळाले.

सकाळी दुसरी गाडी करून वाडीच्या एका काट्यावर सगळा माल पुन्हा तोलला. २,८९० किलो. म्हणजे ६७० किलो हवेत. ४३ नं गुणा, २८,८१० रुपये मी हवेचे दिले.

ही हवा आली कुठून, ते माझ्याच फोटोत सापडलं. गाडी भरल्यावर, ताडपत्री टाकायच्या आधी, बायकोला फोटो पाठवला होता, ‘पहिला मोठा माल’ म्हणून. त्यात केबिनच्या मागे ऑक्सिजनची सिलिंडरं उभी आहेत. अकरा. मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ड्रायव्हर म्हणाला होता, वाटेत भरायला सोडायची आहेत. लोखंडी सिलिंडर एक साठ किलोच्या घरात जातं. रिकाम्या गाडीच्या वेळी नव्हती, भरल्या गाडीच्या वेळी होती, माझ्या शेडला गाडी आली तेव्हा नव्हती. गाडीसोबतच राहा. बाइकनं पुढे होऊ नका. काट्यावर चढताना गाडीत मालाशिवाय जे काही आहे ते खाली उतरवा, माणसासकट.

इंजिनियरनं एलबी पाहून हात जोडले. एमबी २५० चा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला तोंड द्यायच्या ताकदीचं माप, ४१०.५ घनसेंमी, एलबीचा २९७.४. खाली माणसं पोती वाहणार, वर साखरेच्या थप्प्या लागणार. बसवलाच असता तर मी आज फसवणुकीचा अनुभव लिहीत नसतो, जामीन शोधत असतो. बारा तुकडे भंगारात गेले, १,९९५ किलो, ३१ रुपयांनी ६१,८४५. चार तुकडे कामी आले, ८९५ किलो, त्यांचे ३८,४८५ धरा. उरलं नुकसान ६३,०५०. काम उशिरा झालं म्हणून गोदामवाल्यानं १५,००० कापले. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण कापले.

आता सरकारी दारं. पहिल्या ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, हद्द आमची नाही, यार्ड रस्त्याच्या पलीकडे आहे. पलीकडच्यांनी सांगितलं, पैसे कुठून पाठवले? तुमच्या शेडमधून? मग हद्द तिकडची. मी म्हणालो, नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, बीएनएसएसच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो. हवालदारानं पेन खाली ठेवलं. ‘वकील आहात का?’ नवीन आहात का, वकील आहात का. या शहरात माणसाला गप्प करायला एवढंच लागते. फसवणुकीचं जुनं कलम चारशे वीस १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ३१८ झालं, पण खुर्चीतलं उत्तर तेच, ‘हा दिवाणी मामला आहे.’ मग बिल मागितलं. कच्चं दाखवलं. ते म्हणाले, तक्रार दिली तर जीएसटीवाले आधी तुमच्याकडे येतील. आता सांगा, हा सल्ला होता की धमकी? फोटो दाखवला तर म्हणे, यात सिलिंडर दिसते, फसवणूक कुठं दिसते?

वजनमापं तपासणाऱ्या साहेबांकडे गेलो. तीन चकरा. तिसऱ्या वेळी भेटले आणि समजावलं, काटा सीलबंद आहे, मुद्रांकन चालू आहे, काट्यानं बरोबरच दाखवलं. जे चढलं ते तोललं. चूक कोणाची आहे साहेब, असं विचारलं तर म्हणाले, आमची नाही.

ग्राहक आयोगाचं एका वकिलाला विचारलं. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारातून घेतलेल्याला सूट आहे, म्हणजे लढता येईल. फी १२,०००. आणि कागद? ५०,००० चा एक यूपीआय, तोही कुणा तिसऱ्याच्याच नावावर. जे २७,५५४ वाचवले ना, ते तिथे पडले होते. पक्कं बिल घ्या, त्यावर नुसतं ‘२५० गर्डर’ नको, ‘एमबी २५०’ लिहून घ्या, मीटर आणि नगसुद्धा.

दलालाला फोन केला तर उचलतो. चिडत नाही, शिव्या देत नाही. ‘माल पाहून घेतला होता नं भाऊ तुमी? टेप लावला होता.’ ब्लॉकही केलं नाही त्यानं मला. परवा त्याचं स्टेटस आलं: आठ नग, बारा मीटर, भिलाईचा जुना माल, कटिंग यार्डात करून मिळेल. फोटोत थप्पी आहे, वरचे दोन नग पुसून ठेवलेले.