कनेक्टेड कारची हवामान सेवा: वर्षभराच्या वापरानंतर

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला पुढच्या पावसाची आगाऊ कल्पना मिळावी, एवढ्याच अपेक्षेने मी गेल्या वर्षी गाडीच्या कनेक्टेड सेवेची, म्हणजे गाडी इंटरनेटने मोबाइल अ‍ॅपशी जोडणाऱ्या सेवेची, वर्गणी भरली.

सेन्सरबद्दल तक्रार नाही, कौतुकच आहे. आरशामागे काचेला चिकटवलेला पावसाचा सेन्सर काचेत अवरक्त किरण सोडतो. काच कोरडी असेल तर ते आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात, थेंब पडला की काही बाहेर निसटतात आणि त्या फरकावरून वायपरचा वेग ठरतो. भुरभुर असेल तर वायपर एकदाच फिरून थांबतो. तापमानाचा आकडा मात्र माजिवड्याच्या कोंडीत खरा धरू नये, कारण बंपरजवळच्या सेन्सरला इंजिनाची धग लागते.

उणीव पुढे आहे. जुलैमधल्या एका संध्याकाळी मानपाड्यापर्यंत रस्ता कोरडा होता आणि गायमुखच्या घाटात अशी झड आली, की वायपर आपोआप सर्वांत वरच्या वेगावर गेले. ब्रेक दाबताच एबीएसची (चाके अडकून घसरू न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची) थरथर तळपायाला जाणवली. त्या वेळी अ‍ॅपवर संपूर्ण ठाण्यासाठी ‘हलका पाऊस’ एवढेच दिसत होते. माझ्या आधी घाटात शिरलेल्या कितीतरी गाड्यांना जे कळले होते, ते मला कोणी सांगितले नाही आणि माझ्या गाडीला कळलेले मागच्यांनाही गेले नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, तर उत्तर आले, “साहेब, डेटा कंपनीकडे जातो, गिऱ्हाईकाला दिसायची सोय नाही.”

हे अशक्य मुळीच नाही. व्होल्वोने २०१६ मध्ये स्वीडन व नॉर्वेत निसरड्या रस्त्याचा इशारा एका गाडीकडून दुसरीला, ओळख उघड न करता, देण्यास सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तो युरोपभर नेला. अमेरिकेत मिनेसोटा, मिशिगन आणि नेव्हाडा या राज्यांनी रस्ते विभागाच्या गाड्यांतून अशाच नोंदी गोळा केल्या. एक वायपर काच धुण्यासाठीही फिरतो; पण पाठोपाठच्या दहा गाड्यांचे वायपर एकाच वळणावर वेगाने फिरू लागले, तर शंकेला जागा राहत नाही.

चोरीला गेलेली गाडी शोधण्यासाठी ही वर्गणी जरूर भरावी. घाटातल्या पावसासाठी भरू नये. मी यंदा भरलेली नाही.